कात्रीपूर्वीचें काम

केस कापविण्यास जाणें ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिजविषयीं शाळेच्या वार्षिकांत लेख लिहावा असें सहसा कोणास वाटणार नाहीं. पूर्वीं न्हावी घरीं येत असे. आतां आपण वेळ ठरवून सलूनमध्यें किंवा ब्युटी पार्लरमध्यें जातों. जाण्यापूर्वीं तयारी काय करावी असें विचारलें, तर बहुतेक विद्यार्थी एखाद्या नटाचें किंवा खेळाडूचें छायाचित्र मोबाइलमध्यें शोधून ठेवावें, एवढेंच सांगतील. आमचें मत याहून निराळें आहे. कात्री चालण्यापूर्वीं दोन कामें झालीं पाहिजेत, आणि तीं दोन्ही आपलींच आहेत. एक, डोक्याची निगा घरीं राखणें. व दुसरें, आपल्या डोक्याची खरी स्थिति कारागिरास सांगणें. यांपैकीं दुसरें अधिक कठीण आहे, कारण त्याच्या आड लाज येते.

प्रथम केस म्हणजे काय तें पाहूं. जो केस आपणांस दिसतो तो निर्जीव असतो. म्हणूनच तो कापतांना दुखत नाहीं. त्याचा जिवंत भाग त्वचेच्या आंत, मुळाशीं असतो. मनुष्याच्या डोक्यावर सुमारें १ लाख केस असतात. ते महिन्यास सुमारें १ सेंटिमीटर वाढतात, व त्यांतील ५० ते १०० रोज गळावे हें स्वाभाविक आहे. वारंवार कापल्यानें केस दाट होतात ही समजूत खोटी होय, कारण कात्री मुळापर्यंत पोंचतच नाहीं. तसेंच दुभंगलेलें टोंक कोणतेंही तेल कायमचें सांधीत नाहीं. तें कापूनच टाकावें लागतें. मुळास लागणारें पोषण बाटलींतून नव्हे, तर ताटांतून मिळतें. डाळी, उसळी, पालेभाज्या, आणि ज्यांस चालतात त्यांस अंडीं व मासे, हेंच केसांचें खरें औषध. अंगांत लोह कमी पडलें तर केस गळतात. मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनींही ते पुष्कळ गळतात, परंतु बहुधा पुनः येतात.

घरची निगा सोपी आहे. ओले केस नाजूक असतात. ते पंचानें खसखसून चोळूं नयेत. मोठ्या दांतांच्या कंगव्यानें टोंकांकडून आरंभ करून हळूहळू वर यावें. वेण्या रोज अतिशय आवळून घातल्यास कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात, आणि वर्षानुवर्षें असें चालल्यास ते कायमचेही जाऊं शकतात. शाळेस वेणी नीटनेटकी हवी, आवळलेली नको, हें मातांनीं व आम्हां शिक्षकांनींही ध्यानांत ठेवावें.

कापविण्याच्या दिवशीं केस धुवून, वाळवून व विंचरून जावें. तेल निथळत असेल तर केसांची मूळची ठेवण कारागिरास दिसत नाहीं. पूर्वीं रंग किंवा मेंदी लावली असल्यास, अथवा केस सरळ करविले असल्यास, तें आधींच सांगावें. केसांचे रंग व बाजारांतील काळी मेंदी कित्येकांच्या त्वचेस सोसत नाहीं. म्हणून मोठ्यांनीं देखील ४८ तास अगोदर थोडेंसें लावून पाहावें. केस सरळ करण्याचीं कांहीं द्रव्यें तापविलीं असतां फॉर्माल्डिहाइड नांवाचा वायु सोडतात. तो डोळ्यांस व श्वासास अपायकारक आहे, आणि कारागिरास तर तो दिवसभर घ्यावा लागतो. शाळेच्या वयांत हे सर्व प्रकार टाळावे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां त्या लाजेकडे वळूं. उवा म्हणजे घाणेरडेपणाची खूण, असें अद्याप पुष्कळ घरांत मानतात. वास्तविक ऊ उडी मारीत नाहीं कीं उडत नाहीं. डोक्यास डोकें लागलें म्हणजे ती चालत जाते, आणि स्वच्छ डोकें तिला वर्ज्य नाहीं. लीख फुटण्यास ७ ते १० दिवस लागतात, म्हणून औषध एकदां लावून भागत नाहीं. तें सांगितलेल्या अंतरानें पुनः लावावें व ओल्या केसांतून बारीक फणी फिरवावी. त्यासाठीं मुलीचें डोकें भादरण्याची मुळींच गरज नसते. डोक्यावर केस जाऊन गोल चट्टे पडत असतील तर तें गजकर्ण असूं शकतें. तें कंगव्यांतून व केस कापण्याच्या यंत्रांतून पसरतें, वरच्या मलमानें सहसा जात नाहीं, व पोटांत घेण्याचें औषध डॉक्टरांकडूनच घ्यावें लागतें.

कांहीं पालक म्हणतील, "हें सांगितलें तर आमच्या मुलाला परत पाठवतील." होय, पाठवतील, आणि तें योग्यच आहे. आपली खेप फुकट जाईल, परंतु त्या खुर्चींत आपल्यामागून बसणारें मूल वांचेल. दूरध्वनि करून वेळ पुढें ढकलली तर खेपही वांचेल. मात्र ज्या वर्गांत उवांवरून एका मुलीस हंसतात, त्या वर्गांतील इतर मुली एकच धडा शिकतात, तो लपविण्याचा. आणि जें लपवावें तेंच अधिक पसरतें. म्हणून हंसणाऱ्यांचा दोष आम्ही उवा झालेल्या मुलीच्या दोषाहून मोठा मानतों. तिचा तर दोषच नाहीं.

हा व्यवहार दुहेरी आहे. आपण खरें सांगावें, तसें कारागिरानेंही स्वच्छ कंगवा व प्रत्येकास नवें पातें वापरावें. कारण रक्त लागलेल्या पात्यामुळें हिपॅटायटिस बी सारखी कावीळ पसरूं शकते. नवें पातें मागण्यांत अपमान नाहीं, पण मागण्याची रीति हवी. वडिलांच्या वयाच्या कारागिरास "ए" म्हणून हांक मारणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांस हें ठाऊक नसावें कीं, १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी मंडळींनीं विधवांचें केशवपन करावयाचें नाहीं असा निश्चय केला होता. दुसऱ्याच्या मस्तकाचा मान राखण्यासाठीं ज्या व्यवसायानें आपल्या मिळकतीवर पाणी सोडलें, त्यास "अहो काका" म्हणण्यास आपली जीभ अडखळूं नये.

तरी विद्यार्थिमित्रहो, पुढल्या खेपेस खुर्चींत बसण्यापूर्वीं छायाचित्र अवश्य दाखवा; परंतु त्याच्या आधीं आपल्या डोक्याविषयीं जें खरें असेल तें सांगा. आणि पालकांनो, तें सांगण्याचें धैर्य मुलांस यावें, म्हणून त्यांचें डोकें घरीं पाहतांना तुम्हीं प्रथम त्यांस रागावूं नका.