उरलेला वाटा कुणाचा?

धान खरेदीचा पैसा खेड्यांत पोचू लागला की त्याची चाहूल रायपुरात लवकर लागते ती पंडरीच्या घाऊक कापड बाजाराला. लग्नसराईची खरेदी, गावोगावच्या दुकानदारांची उधारी, ठोक व्यापाऱ्यांचे हिशेब हे सारे अखेर शेतातल्या पिकावर येऊन टेकते. छत्तीसगडच्या राजकारणात धानाचा भाव हा सर्वांत मोठा प्रश्न ठरला, यात म्हणूनच नवल नाही. २०१८ मध्ये क्विंटलला अडीच हजार रुपयांचे आश्वासन देऊन एक पक्ष सत्तेवर आला. २०२३ मध्ये एकतीसशे रुपये भाव आणि एकरी २१ क्विंटल खरेदीचे आश्वासन देऊन दुसरा आला. ज्या जमिनीवर हे धान उभे राहते तिचे काय, हा प्रश्न मात्र या बोलीत क्वचितच ऐकू आला. ती जमीन पुराने खरडून नेली किंवा वाळूखाली गाडली, तर ती पुन्हा पिकती करण्याचा खर्च कुणी आणि कोणत्या प्रमाणात सोसावयाचा, याचे नेमके उत्तर रायपूरकडे नाही. मुंबईकडे नाही आणि दिल्लीकडेही नाही.

२०२५ च्या पावसाळ्याने हा प्रश्न दोन्ही राज्यांच्या दारात आणून उभा केला. ऑगस्टअखेर बस्तर विभागात अतिवृष्टी झाली. दंतेवाडा, सुकमा, बिजापूर हे जिल्हे पुराने वेढले गेले. त्यापाठोपाठ सप्टेंबरात मराठवाड्यातील नद्यांनी पात्रे सोडली. रायपुरातील अनेक मराठी कुटुंबांची नोकरी इथे आणि सातबारा तिकडे अशी स्थिती असल्याने त्या बातम्या त्यांच्यासाठी परक्या नव्हत्या. पीक गेले तर एक हंगाम जातो. माती गेली तर पुढचे कितीतरी हंगाम जातात. आपत्तीनंतरची सरकारी व्यवस्था मात्र अजूनही पीक डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. माती तिच्या कोष्टकाच्या तळाशी कुठेतरी येते.

त्या कोष्टकात काय आहे ते पाहणे उद्बोधक ठरेल. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाकरिता जे निकष ठरविले, त्यांत शेतात तीन इंचांहून अधिक वाळू वा गाळ साचला असेल, तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८ हजार रुपये होते. दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलल्याने जमिनीचा मोठा भाग वाहून गेला असेल, तर हेक्टरी ४७ हजार रुपये, तेही फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना. त्याआधीच्या काळात हे आकडे अनुक्रमे १२,२०० आणि ३७,५०० होते. वाढ झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु वाढ कशाच्या तुलनेत, याचा हिशेब मांडला की चित्र पालटते.

एक हेक्टर म्हणजे सुमारे एक लाख साडेसात हजार चौरस फूट. त्यावर तीन इंचांचा थर म्हणजे सुमारे २७० ब्रास गाळ. त्यासाठी १८ हजार रुपये, म्हणजे ब्रासमागे ६७ रुपये. हा सर्वांत पातळ थराचा हिशेब झाला. थर एक फुटाचा असेल तर गाळ होतो सुमारे १,०७६ ब्रास आणि मदत तेवढीच राहते. ब्रासमागे जेमतेम १७ रुपये. फूटभर माती वाहून गेली आणि ती बाहेरून आणून भरावयाची, तर ४७ हजारांत ब्रासमागे ४४ रुपयांहूनही कमी पडतात. यातच खोदाई, भराई, वाहतूक आणि पसरणी आली. ट्रॅक्टर भाड्याने घेतलेल्या कोणालाही या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. महाराष्ट्राच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातील गाळ शेतात नेऊन पसरण्यासाठी छोट्या शेतकऱ्यांना घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे अनुदान ठरले, म्हणजे ब्रासला सुमारे १०१ रुपये. हाच गाळ पुराने न विचारता शेतात आणून टाकला, तर तो काढावयास त्याहून कमी.

छत्तीसगडच्या संदर्भात दुसरी तुलना अधिक बोलकी आहे. एकतीसशे रुपये दराने ४७ हजारांत सुमारे पंधरा क्विंटल धान येते. राज्य सरकार एका एकरातून एका हंगामात २१ क्विंटल धान घ्यावयास तयार आहे. म्हणजे अडीच एकर जमीन कायमची गेली, तर तिची भरपाई एका एकराच्या एका हंगामातील विक्रीइतकीही होत नाही. २०२४-२५ च्या खरीप हंगामात राज्याने सुमारे १४९ लाख टन धान खरेदी केले. या खरेदीवर जो सरकारी पैसा लागतो, त्याच्या तुलनेत मातीच्या डागडुजीवर लागणारी रक्कम किरकोळ ठरावी. पण भावाला मतदार आहेत, मातीला नाहीत.

तथापि रक्कम अपुरी आहे, एवढीच तक्रार करून थांबणे चुकीचे होईल. मूळ दोष रचनेचा आहे. सरकारे एकमेकांशी खर्च वाटून घेतात तेव्हा प्रत्येक टक्क्याचा हिशेब असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५ टक्के. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांसाठी ९० आणि १०. पंधराव्या वित्त आयोगाने तर राष्ट्रीय निधीतून मदत घेताना राज्याने २५० कोटींपर्यंत १० टक्के, ५०० कोटींपर्यंत २० टक्के आणि त्यापुढे २५ टक्के भार उचलावा, इतक्या बारकाईने सुचविले. शेतकऱ्याच्या बाबतीत ही काटेकोरता नाहीशी होते. तिथे सरकारचा वाटा टक्क्यांत ठरत नाही, रुपयांत ठरतो. आणि जे उरेल तो शेतकऱ्याचा वाटा. तो २५ टक्के आहे की ८५, याची मोजणी होत नाही, कारण प्रत्यक्ष खर्च किती आला हे कोणी विचारतच नाही. ‘मदत’ या शब्दाच्या आड हा उरलेला वाटा दडून राहतो.

या रचनेला इतिहास आहे. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा यांनी तगाईची चौकट घालून दिली. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात रायपूर हा एक जिल्हा होता, त्या काळातील महसुली कारभार याच चौकटीत चाले. तगाई हे कर्ज होते. संपूर्ण भार शेवटी रयतेचा, सरकार फक्त मुदत देणार. स्वातंत्र्यानंतर कर्जाची जागा अनुदानाने घेतली. १९५६ नंतरच्या मध्य प्रदेशाकडून छत्तीसगडला राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ वारसाने मिळाले, ज्याच्या आधारे आजही इथला पटवारी पंचनामा करतो आणि तहसीलदार प्रकरण मंजूर करतो. दयाळूपणा वाढला, ही गोष्ट खरी. पण जमीन ही राष्ट्राची उत्पादक मालमत्ता असून तिची दुरुस्ती हा सरकार आणि शेतकरी यांचा भागीदारीचा व्यवहार आहे, हा विचार त्यात शिरला नाही.

तो विचार भारतीय प्रशासनाला अपरिचित आहे असेही नाही. पाणलोट विकासाच्या २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांनी खासगी जमिनीवरील मृद-जलसंधारणाच्या कामात शेतकऱ्याचा किमान वाटा १० टक्के ठरविला. अनुसूचित जाती-जमाती तसेच अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी ५ टक्के. हा वाटा रोखीने देता येई आणि श्रमानेही. बांधबंदिस्तीच्या कामात जे प्रमाण शक्य होते, ते बांध पुराने फोडल्यावर का शक्य नसावे? उत्तर सरळ आहे. बांध घालणे कृषी विभागाचे काम, फुटलेल्या बांधाची मदत महसूल विभागाची आणि त्यावरची मजुरी जनपद पंचायतीची. शेत एकच आहे, पण त्याचे कागद महानदी भवनातील वेगवेगळ्या टेबलांवर पडतात.

अमेरिकेत ही जोडणी कायद्यानेच झाली आहे. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी तेथील मैदानी शेती उद्ध्वस्त केली, तेव्हा १९३५ मध्ये मृदसंधारणासाठी स्वतंत्र सरकारी सेवा उभी राहिली. पुढे १९७८ च्या कायद्याने आपत्कालीन संधारण कार्यक्रमाला आधार दिला. शेतातील वाळू-गाळ व मलबा काढणे, जमीन सपाट करणे, मोडलेली कुंपणे आणि संधारणाची बांधकामे दुरुस्त करणे यांसाठी सरकार खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, तर तुटपुंज्या साधनांच्या शेतकऱ्यांसाठी ९० टक्क्यांपर्यंत वाटा उचलते. या पद्धतीतही उणीव आहे. ती मुख्यतः खर्चाची परतफेड करते. आधी खिशातून घालावे लागते, मग मिळते. भारतातील दोन एकरांच्या धनी शेतकऱ्याला ही अट पेलणारी नाही. तिथून घ्यावयाचे ते तत्त्व: नुकसानीची पाहणी, कामाचा अंदाज आणि त्या अंदाजावर ठरलेला वाटा.

महाराष्ट्राने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करताना या दिशेने एक पाऊल टाकले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि त्याशिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपये, असे त्यात म्हटले होते. वर केलेल्या हिशेबाने ४४ रुपयांचा ब्रास एकदम ३२२ रुपयांवर गेला. मातीची दुरुस्ती हा स्वतंत्र खर्च आहे, हे एका राज्याने मान्य केले, हे स्वागतार्हच. परंतु या तीन लाखांचा मार्ग सोपा नव्हता. रोजगार हमीचा सारा भर मजुरीवर. मजुरांना हटविणाऱ्या यंत्रांना तिच्या नियमांत शक्यतो मज्जाव. हजार ब्रास माती केवळ घमेल्यांनी हलत नाही.

त्यातच पायाच हलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे हमी दिवस १०० वरून १२५ झाले. पण जिथे अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्र उचलत असे, तिथे बहुतेक राज्यांसाठी ६०:४० अशी वाटणी आली. ठरवून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याचा. ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूदही आली. याचा अर्थ, ज्या निधीच्या भरवशावर एखादे राज्य जमीनदुरुस्तीचे आश्वासन देते, त्यातला आपला हिस्सा त्याने आधी तिजोरीत शोधला पाहिजे. धानाच्या भावावर मुक्तहस्ते खर्च करणाऱ्या छत्तीसगडला ही ४० टक्क्यांची तजवीज जड जाणार की नाही, हे त्याच्या अर्थसंकल्पातून दिसेल. आणि जड गेल्यास कात्री कुठे लागेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

ठरावीक रकमेच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. हेक्टरी रक्कम ठरलेली असली की वाटप लवकर होते, वाद कमी होतात. खर्चाच्या प्रमाणात पैसा देऊ लागल्यास फुगविलेली बिले आणि ठेकेदारांची साखळी तयार होईल, असे अनुभवी अधिकारी सांगतात. पिकासाठी हा युक्तिवाद मान्य व्हावा. उपासमारीच्या तोंडावर अंदाजपत्रके मागणे क्रूरपणाचे ठरेल. जमिनीच्या दुरुस्तीचे तसे नाही. ती पाणी ओसरल्यावर सुरू होते आणि पुढच्या पेरणीपूर्वी संपावी लागते. मध्ये मोजमापाला पुरेसा अवधी मिळतो. रस्त्याच्या मुरमाचा दर जिल्ह्याच्या दरसूचीत असतो, तसा शेतातील गाळ उपसण्याचा आणि माती भरण्याचा दरही त्यात बसविता येतो. दोन हेक्टरांची मर्यादा आजही आहे, ती राहू द्यावी. गैरव्यवहाराची भीती हे मोजमाप न करण्याचे कारण असू शकत नाही. मोजमाप नसणे हीच गैरव्यवहाराची पहिली सोय असते.

आणखी एक बाब रायपूरच्या मराठी वाचकाला जवळून लागू पडते. गावची जमीन बटाईने देऊन शहरात नोकरी करणारे मालक महाराष्ट्रात आहेत, तसे अधिया-रेगहाने शेती लावणारे छत्तीसगडमध्येही आहेत. मदत नोंदीवरच्या नावाला मिळते. शहरातल्या मालकाच्या खात्यात ४७ हजार जमा झाले आणि जमीन तशीच पडून राहिली, तर सरकारचा पैसा खर्च झाला, पण शेत परत आले नाही. आणि जो कसत होता तो कामासाठी परराज्याच्या गाडीत बसला. रक्कम कामाशी जोडली, कसणाऱ्याचे श्रम हाच त्याचा वाटा मानला आणि मालकाची लेखी संमती घेऊन काम त्याच्याकरवी करून घेतले, तर हे टळेल.

यासाठी नवा निधी उभारण्याची गरज नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापनाकरिता १,६०,१५३ कोटी रुपयांची रचना सुचविली, तिच्यात ३० टक्के पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीसाठी आणि २० टक्के आपत्तीची तीव्रता कमी करण्यासाठी राखून ठेवले होते. पहिल्या भागात खरडलेले शेत आणि दुसऱ्यात ते खरडू नये म्हणून घालावयाचा बांध सहज बसतो. हवे आहे ते एक वाक्य, शासन निर्णयात स्पष्टपणे लिहिलेले: अल्पभूधारकाच्या जमिनीच्या दुरुस्तीच्या मोजलेल्या खर्चापैकी इतके टक्के सरकारचे, इतके शेतकऱ्याचे, त्याचा वाटा श्रमानेही चालेल, आणि पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वी मिळेल. हे वाक्य लिहिले गेले की सरकारला आपल्या वाट्याचा हिशेब द्यावा लागेल. आजवर ते न लिहिण्याचे कारणही बहुधा हेच असावे.