आईला एकटीला कोलोनला जाऊ द्या

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एक नवा प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत नोकरीला असते. नातवंडाचा जन्म होतो आणि आई मदतीला तिकडे जाते. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, त्यामुळे मुक्काम तीन महिन्यांचा. त्यात बाळाची आंघोळ-मालिश, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं सगळं होतं. मग एक दिवस आई म्हणते, "या शनिवार-रविवारी मी एकटीच कुठेतरी जाऊन येते. रेल्वेने." दुसऱ्या दिवशी मला मुलाचा निरोप येतो, "डॉक्टर, आईला मधुमेह आहे, बीपी आहे. तुम्हीच तिला नको म्हणा. तुमचं ती ऐकेल."

अशा वेळी मी आधी आईशी बोलतो, तिचे रिपोर्ट बघतो आणि बहुतेक वेळा "जाऊ द्या" असंच सांगतो. साखर आणि रक्तदाब आटोक्यात असलेल्या, रोज चालणाऱ्या साठी-पासष्टीच्या माणसाने दोन दिवस एकट्याने रेल्वेने फिरून येणं हे वैद्यकीयदृष्ट्या धाडस नाही. मात्र त्यासाठी तयारी हवी, आणि ती कोणती हे नीट समजून घ्यायला हवं.

उदाहरणासाठी आपण फ्रँकफर्टहून कोलोन हा प्रवास घेऊ. तिथे राहणाऱ्यांना तो सोयीचा आहे आणि पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्यांसाठी सोपा. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच ते प्रसिद्ध कॅथीड्रल उभं असतं. रिक्षा नको, बस नको, रस्ता चुकायची भीती नको.

"काही झालं तर?"

मुलांचा हा प्रश्न प्रेमापोटी असतो. पण "काही" म्हणजे नक्की काय, हे कोणी विचारत नाही. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात घरी सोफ्यावर बसूनही येऊ शकतो. सोमवार ते शुक्रवार मुलं कामावर असतात तेव्हा आई बाळाला घेऊन घरात एकटीच असते, आणि त्याची कोणाला काळजी वाटत नाही. उलट गाडीत, स्टेशनवर, हॉटेलात आजूबाजूला माणसं असतात.

दुसरी गोष्ट अशी की जपून ठेवल्याने माणूस सुरक्षित राहतोच असं नाही. उतारवयात न वापरलेले स्नायू भराभर कमी होतात. पडण्याच्या भीतीने चालणं कमी केलं की पाय आणि तोल दोन्ही कमजोर होतात आणि पडण्याची शक्यता आणखी वाढते. आत्मविश्वासाचंही तसंच असतं. जन्मभर ज्या बाईने हॉटेलच्या खोलीत एक रात्रही एकटीने काढलेली नाही, तिला स्वतः तिकीट काढून, फलाट शोधून, जेवण मागवून परत येता आलं तर त्याचा उपयोग पुढची अनेक वर्षं होतो. मला तर हा आरोग्याचाच भाग वाटतो.

एकटेपणा आणि एकांत यांत आपण गल्लत करतो. परक्या देशात, भाषा येत नसताना, चार भिंतींत दिवसचे दिवस काढणं हा एकटेपणा आहे. नदीकाठी स्वतःच्या गतीने दोन तास चालणं हा एकांत आहे, आणि तो आपल्याकडच्या आयांच्या वाट्याला फार कमी येतो.

गाडी हळूची घ्या

फ्रँकफर्ट ते कोलोन जलद गाडीने साधारण सव्वा तासात जाता येतं. पण जुन्या मार्गाने, ऱ्हाईन नदीच्या काठाने जाणारी गाडी घेतली तर अडीच तासांच्या आसपास लागतात आणि खिडकीतून किल्ले, द्राक्षांचे मळे, लोरेलायचा कडा हे सगळं दिसतं. माइन्त्स-कोब्लेन्त्स मार्गाने जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसा, नदी त्या बाजूला असते.

बसून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होते असं लोकांनी ऐकलेलं असतं. पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा पायातलं अशुद्ध रक्त वर ढकललं जातं. तासन् तास पाय हलले नाहीत की हा पंप बंद राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या संशोधनानुसार चार तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एक इतकाच असतो. अडीच तासांच्या प्रवासात त्याची चिंता नको. तासाभराने उठून डब्यात एक फेरी मारली, बसल्या बसल्या टाचा वर-खाली केल्या तरी पुरे. ज्यांना पूर्वी अशी गुठळी झाली आहे किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच निघावं.

खरा धोका साखर कमी होण्याचा

मुलांना आईची साखर वाढण्याची काळजी असते. प्रवासात एकट्या माणसाला जास्त जपायचं असतं ते साखर एकदम कमी होण्यापासून.

घरी दिवसाला तीन-चार हजार पावलं चालणारी व्यक्ती नव्या शहरात सहज बारा-पंधरा हजार पावलं चालते. काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. त्यात जेवणाची वेळ टळते, शाकाहारी पदार्थ शोधण्यात तास जातो, आणि सकाळी घेतलेली गोळी मात्र आपलं काम करत राहते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका जास्त. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो फारच कमी. म्हणून आपण नेमकं कोणतं औषध घेतो, हे आधी माहीत करून घ्या.

लक्षणं अशी: दरदरून घाम, हातापायांना कंप, धडधड, अचानक भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखं होणं. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर कंप आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. थंडीच्या दिवसांत विनाकारण घाम फुटला तर साखर कमी झाली असं समजा आणि लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासा. साखर अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा घ्या, आणि बरं वाटल्यावर काहीतरी पोटभरीचं खा. ग्लुकोज बॅगेच्या तळाशी नको, कोटाच्या खिशात हवं.

कोलोनमध्ये आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथली कोल्श नावाची बिअर ०.२ लिटरच्या छोट्या ग्लासात देतात, आणि ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो. नको असेल तर ग्लासवर खालची पुठ्ठ्याची चकती ठेवायची. आपले बाबा "एवढीशी तर आहे" म्हणत चार ग्लास घेऊ शकतात. दारू पचवताना यकृताला नवी साखर तयार करता येत नाही. दिवसभर चालून यकृतातला साठाही संपलेला असतो. अशा वेळी साखर कमी होते ती काही तासांनी, मध्यरात्री, हॉटेलच्या खोलीत, जिथे जागं करायला कोणी नसतं. वरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एकट्याच्या प्रवासात दारू टाळावी, हे माझं ठाम मत आहे.

पाणी आणि "ती" गोळी

प्रवासात वारंवार लघवीला जावं लागू नये म्हणून आपल्याकडच्या बायका पाणी पीत नाहीत. पुरुष लघवीची गोळी त्या दिवशी चुकवतात. दोन्ही चूक. पाणी कमी पडलं की रक्तदाब उतरतो, उभं राहताना चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनी लघवीवाटे जास्त पाणी जातं, त्यांना तर पाणी हवंच.

यावर उपाय साधे आहेत. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येते का, ते डॉक्टरांना आधीच विचारा. गाडीतलं शौचालय फुकट असतं, उतरण्याआधी जाऊन या. स्टेशनवर पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. जर्मनीत नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, हॉटेलात बाटली भरून घ्या. गाडीच्या शौचालयातलं पाणी मात्र पिऊ नका.

पाय आणि पायऱ्या

कोलोनच्या कॅथीड्रलचं बांधकाम १२४८ साली सुरू झालं आणि १८८० साली पूर्ण झालं. त्याच्या दक्षिण मनोऱ्यावर चढायला ५३३ पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि गोल गोल. म्हणजे साधारण पंचवीस मजले. ज्यांना दोन मजले न थांबता चढताना दम लागतो, छाती भरून येते किंवा गुडघे दुखतात, त्यांनी चढू नये. वरून शहर बघायचंच असेल तर पूल ओलांडून पलीकडे जा. तिथे कोलोन ट्रँगल नावाची उंच इमारत आहे, तिच्या गच्चीवर लिफ्टने जाता येतं, आणि तिथून कॅथीड्रलसुद्धा छान दिसतं.

जुन्या भागातले रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत. नवे बूट घालून प्रवासाला निघू नका. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, फोड आला तरी कळत नाही. रात्री हॉटेलात मोजे काढून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. चाकांच्या बॅगेऐवजी छोटी पाठीवरची सॅक घ्या, दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे राहतात.

रविवारी औषध मिळत नाही

आपल्याकडे रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणता येते. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि औषधांची दुकानंही. साधी पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, ती फक्त औषधांच्या दुकानात. पाळीपाळीने एखादं दुकान उघडं असतं, आणि बंद दुकानाच्या दारावर जवळच्या उघड्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो. पण भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे चालत नाही.

म्हणून दोन दिवसांच्या प्रवासाला चार दिवसांच्या गोळ्या न्या, गाड्या उशिरा येतात आणि कधी रद्दही होतात. औषधांची यादी इंग्रजीत, मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्या. आपल्या ब्रँडची नावं तिथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. त्याच कागदावर आजार, ॲलर्जी आणि मुलाचा फोन नंबर लिहा. एक प्रत पाकिटात, एक मोबाइलमध्ये. प्रवास विम्याची प्रतही सोबत हवी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण जुन्या आजारांसाठी त्यात काय अटी आहेत ते निघण्यापूर्वी वाचा.

दोन नंबर पाठ करा. जिवावरचं असेल तर ११२, तो संपूर्ण युरोपीय संघात फुकट लागतो. ताप, उलट्या असं काही, थांबता येण्यासारखं पण डॉक्टर हवा असेल तर जर्मनीत ११६११७.

जाता जाता, आपल्या जुन्या घरांत तापात कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवायचे. ते नाव याच शहराचं. १७०९ साली स्थापन झालेलं फारिना हे अत्तराचं घराणं तिथे आजही आहे. त्यातलं अल्कोहोल उडून जाताना गारवा येई, एवढाच त्याचा गुण. नातवाला मात्र तसल्या पट्ट्या ठेवू नका, बाळाच्या नाजूक त्वचेतून अल्कोहोल शरीरात जाऊ शकतं.

मुलांनी काय करावं

दर तासाला फोन करू नका. दोन वेळा ठरवा, सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री झोपण्याआधी. सकाळचा फोन अर्ध्या तासात आला नाही तर हॉटेलला फोन करून खोली बघायला सांगा. त्यासाठी हॉटेलचा नंबर तुमच्याकडे हवा. बाकी वेळ तिला राहू द्या.

कोणी जाऊ नये

गेल्या काही आठवड्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेले, कारण न सापडलेली बेशुद्धी किंवा फिट येणारे, साखर कमी झाल्याची जाणीवच न होणारे, वरचेवर रस्ता किंवा तारीख विसरणारे, आणि औषधाचा डोस नुकताच बदललेले. यांना मी स्वतः "आत्ता नको" सांगतो, आणि कारणही सांगतो. त्यांच्यातल्या काहींना दोन-तीन महिन्यांनी जाता येतं.

या यादीत आई नसेल, तर तिला थांबवण्यासाठी माझं नाव वापरू नका. तिकीट तिचं तिला काढू द्या. तुम्ही फक्त तिच्या कोटाच्या खिशात ग्लुकोज आहे ना, तेवढं बघा.