मोडकी सीट, पूर्ण भाडे

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांना एअर इंडियाच्या भोपाळ-दिल्ली विमानात तुटलेली, खचलेली सीट मिळाली. ही सीट विकू नका, असे व्यवस्थापनाला आधीच कळवले होते, असे कर्मचाऱ्यांनीच त्यांना सांगितले. कंपनीने माफी मागितली आणि विषय मागे पडला. तो मागे पडायला नको होता. सीट नादुरुस्त आहे हे ठाऊक असूनही पूर्ण भाडे वसूल करणे, हे त्यातले खरे दुखणे आहे.

मंत्र्यांची सीट साध्या वर्गातली होती. बिझनेस क्लासमध्ये असा व्यवहार कित्येक पट रकमेत होतो. पाठ मागे जात नाही, ट्रे बाहेर येत नाही, चार्जिंग बंद. केबिन क्रू बिचारे दिलगिरी व्यक्त करतात. त्यांच्या हाती दुसरे काही नसते. सुट्या भागांचा जागतिक तुटवडा खरा आहे. पण भाग मिळाला नाही म्हणून ती सीट विकलीच पाहिजे, असे थोडेच आहे?

ही श्रीमंतांची तक्रार म्हणून सोडून देणे चुकीचे ठरेल. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले, उपचारांसाठी मुंबईला येणारे अनेकजण पदरमोड करून हे तिकीट काढतात. त्यांना पाय लांब करता येणे ही चैन नव्हे. सरकार मात्र ती चैनच मानते. साध्या वर्गावर ५ टक्के जीएसटी, तर वरच्या वर्गावर सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी १८ टक्के.

पूर्वी प्रवासी नाराज झाला तर दुसरीकडे जात असे. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्याच महिन्यात इंडिगोने दिल्ली-मुंबई मार्गावर बिझनेस क्लास सुरू केला, हे चांगलेच झाले. तरीही दहातले नऊ देशांतर्गत प्रवासी आज या दोन समूहांच्याच विमानांत बसतात. अशा बाजारात सेवेचा दर्जा कंपन्यांच्या मर्जीवर सोडता येत नाही.

नियम आहे, पण अर्धवट. डीजीसीएच्या फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार, देशांतर्गत प्रवाशाला खालच्या वर्गात बसवले तर करांसह भाड्याच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. मात्र त्याला वरच्याच वर्गात मोडक्या सीटवर बसवले, तर हा नियम लागू होत नाही. म्हणजे प्रवाशाला मागे हलवणे कंपनीला महाग पडते आणि मोडक्या सीटवर बसवून ठेवणे फुकटात पडते. ही पळवाट डीजीसीएने तातडीने बुजवावी. नादुरुस्त म्हणून नोंदलेली सीट आरक्षणातून आपोआप बाद व्हावी. तरीही ती विकली गेली, तर त्या प्रवाशालाही हीच ७५ टक्के भरपाई मिळावी, आणि तीही त्याने अर्ज-विनंत्या न करता.