टोपली काचेत, आग गुन्ह्यात

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला क्लॅमथ नदीकाठी कारुक लोक राहतात. जुन्या पुस्तकांत 'कारोक' असं सापडेल. त्यांच्या टोपल्या अमेरिकेतल्या संग्रहालयांत काचेआड ठेवल्यात. लोक बघतात, 'वा, काय कला!' म्हणतात आणि पुढे जातात.

आता ती टोपली होते कशी ते ऐका. हेझलचं झुडूप जाळलं की नंतर त्याला सरळ, लवचिक फोक फुटतात. न जळलेल्या झुडपाच्या वाकड्या काटक्या विणायला चालत नाहीत. म्हणजे आग नाही तर टोपली नाही. ओकच्या फळांचंही तेच. झाडाखालचा पाचोळा आणि किडकी फळं जाळली की पुढचं पीक चांगलं येतं.

आणि सरकारने काय केलं? 1851 मध्ये करार केले, 1852 मध्ये सेनेटने ते फेटाळले, वर कागद 1905 पर्यंत गुप्त ठेवले! जमीन राष्ट्रीय वनांत गेली आणि जंगल पेटवणं गुन्हा ठरलं. अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख पिंचो ज्याच्याकडून शिकला, तो ब्रँडिस म्हणजे इंग्रजांच्या हिंदुस्थानातला पहिला वनमहानिरीक्षक. तेव्हा 'हे तिकडचं' म्हणून हात झटकू नका.

कुणी म्हणेल, अहो, आग ती आगच! नाही. योग्य हंगामात, बेताने लावलेली आग वेगळी आणि वणवा वेगळा. शंभर वर्षं ही छोटी आग बंद ठेवली, जंगलात सरपण साठत गेलं. 2020 च्या स्लेटर वणव्यात हॅपी कॅम्प या कारुकांच्याच गावातली घरं जळाली. मग अडाणी कोण?

उशिरा का होईना, चक्र फिरतंय. 2024 मध्ये क्लॅमथवरची चार धरणं पाडून झाली आणि त्याच वर्षी सामन मासे वरच्या पात्रात परतले. सांस्कृतिक आगीसाठीच्या परवानग्यांचा जाच कमी करणारा कायदाही त्याच वर्षी झाला. हे कुणी दान दिलेलं नाही. नदीकाठच्या जमातींनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलंय.

संस्कृती जपायची तर आग, नदी आणि जंगलावरचा हक्क द्या. नुसत्या टोपलीचं कौतुक म्हणजे फसवणूक आहे.

पुढच्या वेळी आदिवासी महोत्सवात टोपली घ्याल, तेव्हा भाव करण्याआधी विणणाऱ्या बाईंना एवढंच विचारा: 'ताई, बांबू कुठनं आणला? आणताना कुणी अडवलं का?'