रूप बदललं, पण पदार्थ बदलला का?

“डॉक्टर, साखर पूर्ण बंद केली आहे. चहात आता गूळच घालतो. तरी शुगर का वाढली?”

उसाच्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न कोणत्याही ओपीडीत ऐकू येईल. त्याचं उत्तर औषधाच्या चिठ्ठीत शोधू नका. ते शाळेतल्या विज्ञानाच्या एका धड्यात आहे. भौतिक बदल आणि रासायनिक बदल, हा धडा आपण परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. माझं स्पष्ट मत आहे की, तेवढा एक धडा नीट समजला तर आहाराबद्दलचे निम्मे गैरसमज घरच्या घरी दूर होतील.

धडा थोडक्यात असा. बर्फाचं पाणी होतं आणि पाण्याची वाफ होते, पण तिन्ही रूपांत पाणी हे पाणीच राहतं. हा भौतिक बदल. दुधाचं दही झालं की दुधातल्या साखरेचं आम्ल होतं, म्हणजे नवा पदार्थ तयार होतो. हा रासायनिक बदल. म्हणून कोणत्याही पदार्थाबाबत एकच प्रश्न विचारायचा: फक्त रूप बदललं, की पदार्थच बदलला?

उसापासून खडीसाखरेपर्यंत

लोणीजवळचा प्रवरा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कामानंतर साखर हे आपल्या जिल्ह्याचं अर्थकारणच झालं. त्यामुळे ऊस काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

गुऱ्हाळात काहिलीतला रस आटवतात, म्हणजे मुख्यतः त्यातलं पाणी उडवून लावतात. रस दाट झाला की काकवी होते, आणखी आटवून गार केला की गूळ. कारखान्यात रस अधिक स्वच्छ करतात, साखरेचे दाणे पाडतात आणि मळी वेगळी काढतात. त्याच साखरेचे मोठे खडे म्हणजे खडीसाखर. या सगळ्या प्रवासात गोडी देणारा मुख्य पदार्थ एकच राहतो, त्याचं नाव सुक्रोज. आटवताना थोडा रासायनिक बदलही होतो. काही सुक्रोज फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, रंग गडद होतो, खमंग वास येतो. पण त्यामुळे मधुमेहासाठी गूळ निर्धोक होत नाही.

100 ग्रॅम गुळात साधारण 80 ते 90 ग्रॅम शर्कराच असते. म्हणजे 10 ग्रॅमचा खडा हा जवळजवळ दोन चमचे साखरेइतकाच. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं. पण ती मिळवायला मधुमेही माणसाने एवढी साखर पोटात घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

गूळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. दिवसभर रानात राबणाऱ्या निरोगी माणसाने भाकरीबरोबर गुळाचा खडा जरूर खावा. माझा आक्षेप ‘पांढरं ते विष आणि तपकिरी ते औषध’ या समजुतीला आहे. रंग पाहून पदार्थ ओळखता येत नाही. म्हणूनच ‘साखर बंद’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. साखर, गूळ, काकवी, खडीसाखर, उसाचा रस, सगळंच मोजून किंवा बंद, असं स्पष्ट सांगायला हवं.

खरा बदल पोटात होतो

बाजरीच्या भाकरीचा घास बराच वेळ चावत राहा. तो किंचित गोड लागू लागतो. लाळेतलं विकर पिठातल्या स्टार्चचे तुकडे करू लागतं, हा रासायनिक बदल. पुढे आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं. भाकरीतल्या चोथ्यामुळे ते साखरेपेक्षा सावकाश होतं, पण होतं. म्हणून ‘गोड खाल्लंच नाही’ एवढ्याने हिशोब पुरा होत नाही. भात, साबुदाणा, बटाटा यांचंही प्रमाण ठरवावं लागतं.

सुक्रोजही आतड्यात फुटल्यावरच रक्तात जातं. इथे एक जीव वाचवणारी गोष्ट लक्षात ठेवा. शुगर 70 च्या खाली आली, घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं, तर 15 ग्रॅम म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं. पण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधं साखर फोडणारं विकरच अडवतात. ती चालू असतील तर साखर किंवा गूळ लवकर उपयोगी पडत नाही, ग्लुकोज पावडरच घ्यावी लागते. तुमच्या गोळ्यांत ही औषधं आहेत का, ते आजच विचारून घ्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

उकळलेलं पाणी

“आम्ही पाणी उकळून पितो” हेही असंच अर्धं सत्य. उकळताना जंतूंमधली प्रथिनं अंड्यासारखी शिजतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. जंतू मरतात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. पण पाण्यात विरघळलेले क्षार तिथेच राहतात. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. कालव्याखालच्या बागायती पट्ट्यात बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ झालं आहे, आणि खतांमधलं नायट्रेटही भूजलात उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध तान्ह्या बाळाला दिलं, तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होऊन बाळ निळसर पडू शकतं. उकळणं, तुरटी फिरवणं, कापडाने गाळणं, यांतलं काहीही नायट्रेट काढत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या.

तळणीचं तेल

थंडीत तूप थिजतं, उन्हात वितळतं. हा भौतिक बदल, त्याची चिंता नको. तेल मात्र पुन्हा पुन्हा तापवलं की हवा, उष्णता आणि पदार्थातलं पाणी यांमुळे त्यात नवीन घातक संयुगं तयार होतात. तेल काळपट, चिकट होतं, फेसाळतं, लवकर धुरकटतं. गाळल्याने फक्त जळके कण निघतात, ही संयुगं निघत नाहीत. ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ 25 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा नियम 1 जुलै 2018 पासून देशात लागू आहे. तुमच्या घरात ते मोजायचं यंत्र नाही, म्हणून साधा नियम ठेवा. तळून उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका. गाड्यावरची भजी खाताना कढईतल्या तेलाचा रंग आधी पाहा.

व्हॉट्सॲपवर रोज नवा उपाय येईल. हे खाल्लं तर शुगर वाढत नाही, ते केलं की पाणी शुद्ध होतं. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: यात पदार्थ बदलला, की फक्त रूप? उत्तर सापडलं नाही तर पुढच्या तपासणीला येताना तो प्रश्न लिहून आणा.