मशीन कुठं ठेवायचं?

2020 च्या मार्चमध्ये मी पुण्याहून इंदापूरला घरी आलो, तेव्हा माझ्या नोकरीला वर्षही झालं नव्हतं. कंपनीने लॅपटॉप दिला होता, घरच्यांनी खोली दिली. मागची, दहा बाय अकराची, पूर्वेला खिडकी असलेली. पप्पांनी इन्व्हर्टरची लाइन तिकडे ओढून घेतली. बाजार उघडल्यावर बारामतीहून टेबल आणलं. खुर्चीचे पैसे कंपनीने दिले, कारण आठ तास बसून माझी कंबर दुखू नये अशी त्यांची पॉलिसी होती.

त्या खोलीत, त्या खिडकीपाशी, आईचं शिलाई मशीन होतं. माझ्या मीटिंगमध्ये त्याची खटखट ऐकू यायची. टीममधल्या एकाने हसत विचारलं, "भाई, ट्रेन में बैठा है क्या?" त्या संध्याकाळी आईनेच मशीन जिन्याखाली सरकवलं. तिला कुणी सांगितलं नाही. मी एका बाजूने धरू लागलो, एवढंच.

तेव्हा मला नोकरी लागून अकरा महिने झाले होते. तिला शिवायला लागून बावीस वर्षं. बारामतीला इंजिनिअरिंग करताना माझ्या मेसचे पैसे ब्लाऊजांतून यायचे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि तरीही खोली मला मिळाली, यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. म्हणून हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे, मग बाकीच्यांविरुद्ध.

घरात शिवणाऱ्या बाईच्या कामासाठी आपल्याकडे एक शब्द आहे: हातभार. "वहिनींचा चांगला हातभार लागतो." कौतुकाने म्हणतात, पण हा शब्द नीट ऐका. भार दुसऱ्या कुणीतरी उचललाय, बाईने फक्त हात लावलाय. आणि हात लावायला स्वतंत्र जागा कशाला लागते? जिन्याखाली, पॅसेजमध्ये, देवघराशेजारी, फ्रिजच्या मागे. आमच्या गल्लीत शिवणाऱ्या चार बायका आहेत. एकीचं मशीन पोर्चमध्ये मोटरसायकलच्या शेजारी असतं आणि रोज संध्याकाळी गाडी आत घेताना ते बाजूला ओढावं लागतं. गाडीसाठी जागा राखलेली आहे, हे लक्षात घ्या.

शिवणकाम काय असतं हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला वाटतं मशीन ठेवलं की काम झालं. मशीन हा त्यातला छोटा भाग आहे. कापड बेतायला सपाट, मोठी जागा लागते. ती नसल्यामुळे आई फरशीवर चटई टाकून, उकिडवी बसून कापायची. तिचे गुडघे कशाने गेले हे विचारायला डॉक्टरची गरज नाही. बेतताना पंखा बंद, कारण अस्तराचं कापड उडतं. इस्त्री चालू असतानाही बंद. इंदापुरातला एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला याचा अर्थ कळेल. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप उसवायची तर उजेड नेमका सुईवर पडायला लागतो. जिन्याखाली तो पाठीमागून येतो, म्हणजे आपलीच सावली कामावर. आई मोबाईलची टॉर्च लावून मोबाईल मशीनच्या मुंडीला रबराने बांधायची. लॉकडाऊनमध्ये तिने शेकडो मास्क असे शिवले. मी ते बघितलं आणि तिला एका टेबल लॅम्पची लिंक पाठवली. व्हॉट्सॲपवर. शेजारच्या खोलीतून.

शिवाय लोकांचं कापड. ते कुठं ठेवायचं? पलंगाखाली पिशव्या, कपाटावर पिशव्या. कुणाचं मापाचं ब्लाऊज कुणाच्या पिशवीत जातं, लग्नाच्या आदल्या दिवशी पिशवी सापडत नाही आणि मग रात्री अकराला घरभर शोधाशोध. "तुझ्या आईला व्यवस्थितपणाच नाही," असं पप्पा म्हणायचे. मी कोड लिहितो. माझ्या फाइल्सना फोल्डरच दिला नसता, तर माझाही व्यवस्थितपणा दिसला असता.

आता सरकारकडे वळू. शिलाई मशीन ही आपल्या योजनांची लाडकी वस्तू आहे. स्टेजवर रांगेत मशीनं, समोर रांगेत बायका, फोटो. सप्टेंबर 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे: अवजारांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, पाच टक्के व्याजाने पहिलं एक लाख आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. ही योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते कर्ज जागेवरही घालता येईल, मान्य. पण अवजार मोजलं, प्रशिक्षणाचे दिवस मोजले, आणि मशीन घरात नेमकं कुठं राहणार हे कुणी विचारलं नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. म्हणजे बाई घरात रांधणार हे धोरणाला ठाऊक आहे. ती त्याच घरात कमावणार, हे दुसऱ्या धोरणाला ठाऊक आहे. दोन्ही कागद एकमेकांना भेटलेले नाहीत.

याच्या मुळाशी एक गोड गोष्ट आहे. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद केलं होतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे सिंगरने बायकोला हाताने शिवताना पाहिलं आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून प्रेमापोटी यंत्र बनवलं. प्रत्यक्षात 1851 चं पेटंट घेणारा आयझॅक सिंगर हा एकाच वेळी अनेक संसार थाटून बसलेला हिशेबी गृहस्थ होता. पण आपल्याला ती गोडच गोष्ट आवडते: बाईला मशीन दिलं, प्रेम सिद्ध झालं, पुढचं तिचं ती बघेल.

बारामतीच्या एमआयडीसीत टेक्स्टाइल पार्क आहे. आमच्या भागातल्या कितीतरी बायका तिथे शिवायला जातात. कारखान्याचं काम सोपं असतं असा माझा दावा नाही. पण तिथे उजेड, हवा, पाणी, संडास हे मालकाने द्यायचं असतं. 1948 च्या कारखाना कायद्यातच त्याची कलमं होती. तीच बाई तेच काम घरी करायला लागली की उजेड तिचा, वीजबिल तिचं, गुडघे तिचे. घरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये करार केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. अर्थात तो करार दुसऱ्याचं काम घरी आणून करणाऱ्यांसाठी आहे, आईसारख्या स्वतःचं गिऱ्हाईक असलेल्या बाईला तोही लागू नाही. तिची मालक तीच. मग तिला नीट जागा द्यायची जबाबदारी कुणाची? घराची. म्हणजे पप्पांची आणि माझी.

इथे लोक म्हणतात, "पण घरात बसून करता येतं, हाच तर फायदा आहे ना? मुलं बघता येतात, स्वयंपाक होतो." हा फायदा नेमका कुणाचा? 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97. बाई मशीनवर बसली असली तरी दूध उतू जायच्या आत उठणारीही तीच. मी त्याच घरातून काम करत होतो. मला एकदाही कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या नाहीत, कारण माझ्या खोलीला दार होतं आणि ते बंद होतं.

दुसरा आक्षेप जागेचा. "आमच्याकडे जागाच नाही." एका खोलीत पाच माणसं राहतात तिथे हे खरं आहे, तिथे मी गप्प बसतो. पण ज्या घरांत हॉल आहे, हॉलमध्ये वर्षातून आठ वेळा वापरला जाणारा सोफा आहे, कुणी न उघडलेल्या कपबशांचं शोकेस आहे, तिथे जागा आहे. ती पाहुण्यांना दिलेली आहे.

गेल्या वर्षी मी पुन्हा पुण्याला राहायला गेलो आणि खोली आईला द्यायची ठरवली. इथे माझी दुसरी चूक. मी आईला न विचारता युट्यूबवर 'सुइंग रूम'चे व्हिडिओ बघितले. पांढरी टेबलं, रंगानुसार लावलेली दोऱ्यांची रिळं, भिंतीवर भोकांचा बोर्ड, खिडकीत कुंडी. छंद म्हणून गोधड्या शिवणाऱ्या परदेशी बायकांच्या त्या खोल्या. मी तसाच बोर्ड मागवला, पारदर्शक डबे मागवले, वरपर्यंत फळ्या ठोकल्या. आई पाच फूट उंच आहे. वरच्या दोन फळ्यांवर तिचा हात पोचत नव्हता. इस्त्रीचं बटण मशीनपासून इतकं लांब की दर वेळी उठायचं. महिन्याभराने बघितलं तर डब्यांत डाळी होत्या.

मग मी विचारलं. नोकरीत याला युझर रिसर्च म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात. आईची यादी माझ्यापेक्षा छोटी निघाली. बेतायला उभं राहून काम करता येईल असं टेबल, तिच्या कोपरापेक्षा थोडं खाली. सुताराने प्लायचं करून दिलं, खाली पिशव्यांसाठी कप्पे, प्रत्येकावर खडूने नाव आणि तारीख. उजेड डाव्या खांद्यावरून. बिनहाताची खुर्ची. बसल्या जागी बटणं. ब्लाऊज घालून बघायला पडदा आणि आरसा, कारण इतकी वर्षं बायका आमच्या स्वयंपाकघरात दाराला कडी लावून ब्लाऊज घालून बघत होत्या आणि पप्पा तोवर बाहेर चहासाठी थांबत होते. एक बाक, आलेल्या बाईला टेकायला. आणि मागच्या बाजूने बाहेर उघडणारं दार, म्हणजे गिऱ्हाईक घरातून येणार नाही.

"दार कशाला? खर्च वाढतो," मी म्हणालो.

"दुपारी दोन ते चार मी ते बंद ठेवणार," ती म्हणाली. "घरातून आलेल्या बाईला नंतर ये म्हणता येत नाही. दुकानातून म्हणता येतं."

दार, टेबल, वायरिंग मिळून जो खर्च आला तो माझ्या एका महिन्याच्या पगाराहून कमी होता. बावीस वर्षांत तो कुणी का केला नाही, याचं उत्तर पैशात नाही. दिवाळीपासून तिने अस्तराच्या ब्लाऊजचे पन्नास रुपये वाढवले. दोघी-तिघी कुरकुरल्या. "घरीच तर शिवता," एक म्हणाली. आईने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि भाव तोच सांगितला.

यंदा पालखीच्या वेळी आत्याकडचे सगळे मुक्कामाला येणार होते. पप्पा गाद्या काढत म्हणाले, "पोरांना मागच्या खोलीत टाकू."

"तिथं लोकांचं कापड आहे," आई म्हणाली. "हॉलमधला सोफा सरकवा."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी सोफ्याची एक बाजू धरली.