आंबील ओढ्यातून फक्त दुर्गंधीच येते का? न दिसणारे वायू समजून घ्या

सदाशिव पेठेतून सिंहगड रस्त्याकडे जाताना दांडेकर पूल लागतो. त्याखालून आंबील ओढा वाहतो. कात्रजकडून येणारा हा ओढा पुढे मुठेला मिळतो. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री त्याला आलेल्या पुरात अनेकांचा जीव गेला. तेव्हापासून चर्चा होते ती पुराची आणि सीमाभिंतींची. पण वर्षभर ओढ्यात काय घडतं?

ओढा काय काम करतो?
लहान ओढ्याचं पाणी उथळ असतं, त्यामुळे ते तळातल्या गाळाला लागून वाहतं. गाळातले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. हवेत तो 78 टक्के असतोच. म्हणजे निरोगी ओढा नदीवरचं ओझं कमी करतो.

मग बिघडतं कुठे?
सांडपाणी मिसळलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. गाळ कुजून मिथेन निघतो. नायट्रोजनही वाढल्याने नायट्रस ऑक्साइड जास्त तयार होतो. तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा 100 वर्षांत मिथेन सुमारे 28 पट, तर नायट्रस ऑक्साइड सुमारे 270 पट तापमान वाढवतो. उरलेलं नायट्रोजन आणि फॉस्फरस नदीत जाऊन जलपर्णीचं खत होतं.

उपाय काय?
सीमाभिंत काठ सावरते, सांडपाणी थांबवत नाही. तळही काँक्रीटचा केला, तर जिवाणूंची जागाच जाते. मैलापाणी ओढ्यात येण्याआधीच अडवून शुद्धीकरण केंद्रात नेणं आणि तळ मातीचा ठेवणं, ही दोन्ही कामं हवीत. पुराची भीती पावसाळ्यापुरती असते, सांडपाणी मात्र बारा महिने वाहतं.